बाबांचा रिलीव्हर

आधीच सांगतो, आमचं घर असल्या गोष्टींचं नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून घरात देव्हारा नाही, अंगारे-धुपारे नाहीत, अमावस्या-पौर्णिमा पाळणं नाही. लहानपणी दापोडीत राहायचो. गल्लीत कुणाच्या अंगात आलं आणि मी बघायला धावलो, की बाबा दंड धरून घरी आणायचे आणि गणितं करायला बसवायचे. मी स्वतः चाकणला प्लॅस्टिकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर आहे. पार्ट वाकडा आला तर मोल्ड गरम असतो, नाहीतर मटेरियल ओलं असतं, नाहीतर ऑपरेटर डुलक्या घेत असतो. चौथं कारण मी अजून पाहिलेलं नाही. त्यामुळे या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचायचो ते फक्त झोप येत नाही म्हणून, आणि लिहिणारा थापा मारतोय असं धरूनच वाचायचो. तुम्हीही माझ्याबद्दल तसंच धरलंत तर माझी हरकत नाही. वाद घालायची ताकद नाही राव आता अंगात.

बाबांबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

बाबा पिंपरीतल्या एका कंपनीत प्रेस शॉपला होते. कंपनीचं नाव घेत नाही, तिथं आता मोठी सोसायटी झालीय. पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या त्या पॉवर प्रेसचा आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच माहीत... जमीन हादरते. शेजारचा माणूस ओरडला तरी नुसते ओठ हलताना दिसतात. बाबांचे दोन्ही कान त्यातच गेले. तर तिथं शिफ्ट बदलायची एक पद्धत होती. मशीनवरच्या माणसाला हाक मारायची नाही, समोरूनही यायचं नाही. तो दचकला आणि हात डायखाली, म्हणजे वरून येणाऱ्या साच्याखाली राहिला, तर पंजाच गेला. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, मागून यायचा आणि उजव्या खांद्यावर हात ठेवायचा. नुसता ठेवायचा, थोपटायचा नाही. मशीनवरचा माणूस हातातला जॉब पूर्ण करायचा, दोन्ही पंजे वर करून दाखवायचा, डावीकडे सरकायचा आणि रिलीव्हरच्या कानाशी तोंड नेऊन एकच गोष्ट सांगायचा — आज कशाला जपायचं ती. मग निघायचं. मागं बघायचं नाही. आणि रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, काय वाट्टेल ते झालं तरी.

बाबांचे रिलीव्हर म्हणजे ओव्हाळ काका. दापोडीत आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. शिफ्ट फिरल्या की ही जोडीच फिरायची, बाबा उतरले की ओव्हाळ काका चढायचे. एकाच मशीनवर दोघांची उमर गेली, पण दोघं एकत्र जेवलेत असं क्वचितच झालं असेल. एक आत तर दुसरा बाहेर.

मग एक दिवस बाबा फर्स्ट शिफ्टला गेले आणि दुपारी सेकंड शिफ्ट आलीच नाही. गेटला कुलूप लागलं, बाहेर कंपनी बंद झाल्याची नोटीस. बाहेरचे बाहेरच राहिले. आतले लोक लाइट गेल्यावर हळूहळू निघून आले, शिव्या देत, रडत. बाबा मात्र बंद मशीनसमोर अंधारात उभे होते. शेवटी सिक्युरिटीवाल्यांनी धरून बाहेर काढलं. हे सगळं आईने मला सांगितलंय. बाबा त्या दिवसाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. पुढे त्यांनी भाजीची गाडी लावली, त्यावर माझा डिप्लोमा केला, आणि आम्ही दापोडी सोडून संत तुकाराम नगरला आलो.

दोन-अडीच वर्षांपूर्वी बाबा विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. सगळं गेलं, एक ती दुपार सोडून. पॅसेजमध्ये आमचं वॉशिंग मशीन आहे. बाबा त्याच्यासमोर जाऊन उभे राहायला लागले. हात पुढे, नजर खाली. सकाळी जरा बरे असायचे, दुपार कलली की उभे. झोपवलं तरी रात्री उठून परत तिथंच. बसा म्हटलं की म्हणायचे, "रिलीव्हर येऊ दे." पाय सुजून टम्म व्हायचे, दोनदा तिथंच कोसळले, तरी पुन्हा उभे. औषधं झाली, डॉक्टर बदलून झाले. मी, आई आणि माझी बायको नीता, आम्ही पाळीपाळीने त्यांच्याजवळ जागायचो. घरातच तीन शिफ्ट लागल्या होत्या. नीता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, तिला रविवारी सुट्टी. माझ्या कंपनीला गुरुवारी. आम्ही नवरा-बायको एका वेळी जागे आणि घरात असे कधी सापडतच नव्हतो.

तुम्ही म्हणाल, मग तुम्हीच खांद्यावर हात ठेवायचा ना. ठेवला. बरोबर मागून, बरोबर उजव्या खांद्यावर. बाबा वळून बघायचे आणि अदबीने म्हणायचे, "साहेब, तुम्ही कशाला? ओव्हाळ येईल." मला साहेब म्हणायचे. पोटच्या पोराला.

ओव्हाळ काकांनाच आणू म्हणून चौकशी केली, तर कळलं की ते कुठल्याशा बांधकामावर वॉचमन असताना पडले आणि कमरेखाली सगळं गेलं. काही वर्षं पलंगावरच आहेत. मग एका सकाळी बाबांनाच दापोडीला घेऊन गेलो. बाबांनी पलंगावरच्या माणसाकडे बघितलं आणि मला विचारलं, "हे कोण?" काकांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांची सून म्हणाली, "दादा, नका हो आणू परत. दोन दिवस जेवायचे नाहीत आता." त्यानंतर आम्ही तिकडे गेलो नाही.

शेवटी तळेगावच्या बाजूला अशा पेशंटना सांभाळणारं एक केंद्र बघितलं. सोमवारपासून बेड मिळणार होता. नीता म्हणाली नव्हती की पाठवा, पण एकदा लॅबमध्ये तिच्या हातून पेशंटच्या रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल होता होता राहिली आणि ती घरी येऊन बाथरूममध्ये रडली. मी शिफ्टवर उभ्या उभ्या झोपून फोर्कलिफ्टसमोर गेलो होतो. हे असं चाललं असतं तर आधी कोण गेलं असतं सांगता येत नव्हतं.

आईला सांगितलं तेव्हा ती भांडली नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. भाजी निवडता निवडता म्हणाली, "सोमवारी पाठवायचं ना? मग गुरुवारी आम्हाला रायगड दाखव. लग्न झालं तेव्हा डिपार्टमेंटच्या पोरांबरोबर गेले होते हे. तुला एकदा दाखवतो म्हणाले. राहिलंच ते."

मी गाडीत पेट्रोल भरून आणलं.

बुधवारी माझी सेकंड शिफ्ट होती. घरी येऊन जेमतेम डोळा लागला असेल तर आई साडी नेसून तयार. नीताने डबा भरून दिला आणि ड्यूटीला गेली. आम्ही तिघं माझ्या सेकंडहँड गाडीतून ताम्हिणीमार्गे निघालो. पावसाळा सरत आला होता, पण घाटात धुकं होतंच. बाबा मागच्या सीटवर आईचा हात धरून शांत बसले होते. मध्येच विचारायचे, "बस कुठली?" आई त्यांच्या कानात ओरडून सांगायची, "कंपनीची!" त्यावर ते मान हलवायचे. मी तोंडावर पाणी मारायला दोनदा गाडी थांबवली.

पायऱ्या चढणं शक्यच नव्हतं, रोपवेने वर गेलो. ट्रॉलीत आईने डोळे मिटून घेतले. बाबा मात्र खाली बघत होते. वर उतरलो तर समोरचं काही दिसेना, नुसतं पांढरं. एवढी मोठी राजधानी, आणि आम्हाला एका वेळी एकच भिंत दिसत होती. राजवाड्याची जोती बघितली, राजसदरेवर आलो. महाराजांच्या मूर्तीसमोर बाबांनी आपसूक चपला काढल्या, मीच चाट पडलो. एक गाइड कॉलेजच्या ग्रुपला सांगत होता की इथं हळू बोललेलंही तिकडे नगारखान्यात ऐकू जातं. बाबांना अर्थातच त्यातलं काही ऐकू आलं नाही. ते वर बघून आईला म्हणाले, "केवढा शेड आहे गं." वर आभाळ होतं फक्त. आई हसली. कित्येक महिन्यांनी तिला हसताना बघितलं.

पुढे होळीच्या माळावर एक बाई ताक विकत होती. आईचे गुडघे भरून आले होते म्हणून तिथंच एका दगडावर बसलो. डबा खाल्ला, ताक प्यायलो. वारा वाढायला लागला होता. मी म्हटलं पाच मिनिटं पाठ टेकतो. आणि झोपलो. मेल्यासारखा झोपलो.

आईने हलवून उठवलं. "अरे, हे कुठं गेले? मी पण पेंगले रे जरा..."

तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. धुकं इतकं दाट झालं होतं की तीसेक पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. गडाला कडे आहेत चारी बाजूंनी. आणि बाबांना हाक मारून उपयोग नाही, कारण ऐकूच येत नाही. मी एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला धावत होतो. भीती वाटत होती आणि तितकाच रागही येत होता... बाबांचा, आईचा, त्या रायगडाचा. सोमवारपर्यंत सांभाळलं असतं की घरी, कशाला आणलं इथवर?

ताकवाली बाईच मागून ओरडली, "दादा, तो म्हातारा काय तुमचा? तिकडं बाजारपेठेत उभा हाय. मी दोन टायमाला हटकला, बघत पण नाय."

ज्यांनी रायगड बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिथली बाजारपेठ म्हणजे दगडी जोत्यांच्या दोन लांबच लांब रांगा, समोरासमोर, आणि मधून रुंद रस्ता. सारख्या मापाचे गाळे, एकाला लागून एक. मी त्या रस्त्यात शिरलो आणि बघितल्या बघितल्या माझ्या लक्षात आलं — हे तर शॉप फ्लोअर आहे. दोन्हीकडे मशीनची लाइन, मध्ये ये-जा करायचा पट्टा. होळीच्या माळावरच्या पुतळ्याकडून आलं की अगदी तसंच दिसतं. बाबांना कसं दिसलं असेल ते वेगळं सांगायला नको.

ते रांगेच्या पार शेवटाकडे उभे होते. एका जोत्याकडे तोंड करून, हात पुढे, नजर खाली. स्वेटर भिजून जड झाला होता. ओठ निळे पडायला लागले होते.

"बाबा, चला," मी कानाशी ओरडलो.

"रिलीव्हर येऊ दे."

मी हाताला धरून ओढलं. हलेनात. पंचाहत्तरीच्या जवळ आलेला, निम्मं वजन गेलेला माणूस, पण पाय जमिनीत पुरल्यासारखे. आई आली. तिने विनवणी केली, तिने कधी नव्हे ते त्यांच्यावर हात उगारला. मग मीच मागून जाऊन उजव्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब," बाबा म्हणाले, "तुम्ही ऑफिसात बसा. ओव्हाळ येईल."

तेवढ्यात शिट्टी वाजवत गडावरचा एक गार्ड आला. म्हणाला, "दादा, लवकर आवरा. वारा वाढलाय, रोपवे बंद करतायत. शेवटच्या दोन ट्रॉल्या सोडतील, मग पायऱ्यांनीच उतरायचं." मी त्याला सगळं समजावून सांगितलं. भला माणूस, म्हणाला, "मी ट्रॉली थांबवायला सांगतो, पण जास्त नाही थांबणार दादा." आणि धुक्यात पळाला.

पायऱ्यांनी बाबा उतरूच शकले नसते. उचलून न्यायचं म्हटलं तर त्या ओल्या दगडांवरून तिघंही गेलो असतो. आणि रात्र त्या गारठ्यात काढली असती तर बाबांनी सकाळ बघितली नसती, हे त्यांच्या ओठांकडे बघून कुणालाही कळलं असतं. आईला ते कळलं होतं. ती छत्री घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी होती, वीसेक पावलांवर, आणि गार्ड गेला त्या दिशेला बघत होती. वाऱ्यात छत्री उलटी झाली तरी तिचं लक्ष नव्हतं.

मी त्यांच्या मागेच एका सुट्या दगडावर बसलो. खरं सांगतो, मी हरलो होतो. बाबांची पाठ माझ्यासमोर होती, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. मी त्या पाठीशीच बोललो. म्हटलं, "उभे राहा. काय करायचं ते करा. मी पण दमलोय." त्यांना ऐकू जाणार नव्हतं, म्हणूनच बोललो बहुतेक.

आणि मग बाबांच्या उजव्या खांद्यावरचा स्वेटर दबला.

मी जे बघितलं तेवढंच लिहितो, वर मीठ-मसाला काही नाही. ओली लोकर होती. पंजाएवढ्या जागेत ती आत दबली आणि तिच्यातून पाणी निथळून बाबांच्या पाठीवर ओघळलं. वाऱ्याने कापड फडफडतं, दबत नाही. खांदाही किंचित खाली गेला. तिथं कुणीही नव्हतं. बाबांच्या आणि माझ्या मध्ये दुसरा माणूस उभा राहील एवढी जागाच नव्हती.

बाबांनी हातातलं काम पूर्ण केल्यासारखे हात मागे घेतले. दोन्ही पंजे वर करून दाखवले. डावीकडे एक पाऊल सरकले. मग मान उजवीकडे झुकवली, आणि माझे बाबा, ज्यांना कानाशी भोंगा वाजला तरी कळत नाही, त्यांनी कुणीतरी काही विचारल्यासारखं "हां, हां" म्हटलं. आणि हळूच बोलले, "पायाखालचा दगड हलतोय. डावा पाय मागं ठेव."

एवढंच. मग ते वळले आणि चालायला लागले. मागं बघितलं नाही. आईजवळ जाऊन म्हणाले, "चल घरी. डबा घेतलास का?"

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. चल घरी हे शब्द त्यांच्या तोंडून आम्ही किती दिवसांनी ऐकत होतो. मी मात्र एक काम केलं, करायला नको होतं कदाचित. बाबा उभे होते तिथं जाऊन खाली बघितलं. गवताखाली एक फरशी होती. पायाने दाबली, तर ती खरंच हलली. आणि तिथून मी पळालोच, सरळ सांगतो.

ट्रॉली मिळाली. गार्डने आमच्यासाठी चक्क भांडण करून ती थांबवली होती. बाबा बसल्या बसल्या आईच्या खांद्यावर मान टाकून झोपले. ट्रॉली वाऱ्यात हेलकावे खात होती, आई डोळे उघडे ठेवून बसली होती. थोड्या वेळाने ती मला म्हणाली,

"बरे झाले वाटतं ओव्हाळ भावजी. चालायला लागले."

 ती पुढे म्हणाली, "एवढ्या वर्षांनी भेटले तर दोन शब्द बोलावेत की नाही माझ्याशी? बघितलंसुद्धा नाही. यांच्या जागेवर जाऊन नुसते उभे राहिले." तिच्या आवाजात चक्क तक्रार होती. आईला एका डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि धुकं होतं, हे मी तेव्हापासून स्वतःला सांगतोय. तिला मी काय बघितलं ते सांगितलं नाही. बाबा काय बोलले तेही नाही. तेवढ्या लांबून तिला ते ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि तिने त्याबद्दल कधी विचारलंही नाही.

बाबा गाडीत झोपले, घरी आल्यावर झोपले, दुसऱ्या दिवशी दुपारी वॉशिंग मशीनसमोरून सरळ चालत जाऊन पलंगावर झोपले. मी आणि नीताने रजा टाकली होती; आईसकट आम्ही तिघं त्यांच्या उशापायथ्याशी बसून होतो. उठतील, आता उठतील... उठले नाहीत. आठवण परत आली वगैरे काही नाही, मी अजूनही साहेबच आहे. पण उभं राहणं थांबलं ते थांबलंच. सोमवारी मी केंद्राला फोन करून बेड नको म्हणून सांगितलं. नीताने फक्त एवढंच विचारलं, "काय केलंत तुम्ही तिथं?" मी म्हटलं, हवापालट. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी, मेंदूचं काही सांगता येत नाही. मला ते पटलं. मला ते पटवून घ्यायचंच होतं.

हे इथंच संपलं असतं तर मी लिहायच्या भानगडीत पडलो नसतो.

आई मागे लागली होती की भावजींना भेटून ये, बरे झाले तर जेवायला बोलव. तिला वाईट वाटू नये म्हणून पुढच्या गुरुवारी दापोडीला गेलो. काका पलंगावरच होते. तसेच. पायांवर चादर, पायांच्या काटक्या झालेल्या. सुनेला बाजूला घेऊन विचारलं, काका मध्यंतरी कुठं बाहेर गेले होते का? तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "दादा, यांना कुशीवर वळवायला दोन माणसं लागतात," ती म्हणाली. आमच्या घरून कुणाचा फोन आला होता का, विचारलं. तिच्याकडे आमचा नंबरच नव्हता.

मी काकांजवळ बसलो. "जय भीम काका."

"जय भीम. बस." आवाज खणखणीत होता. गेल्या वेळेपेक्षा चेहरा उजळ वाटला. "झोपतो का रे आता तुझा बाप?"

"झोपतात काका. आठवडा झाला, बरं आहे."

"बरं झालं." ते छताकडे बघत राहिले. "त्या दिवशी मी गेटवर होतो. डबा घेऊन, टायमाच्या आधी. पोरं म्हणाली चल, आता काय उपयोग. मी गेलो नाही. म्हटलं माझा माणूस आत उभा आहे, मला फक्त आत जाऊन त्याला मोकळा करू द्या. सोडलं नाही. दगड मारले पोरांनी, मग पोलीस आले, मग मीही घरी आलो. काय करणार? पण माणसाला मशीनवर ठेवून मी घरी येऊन जेवलो रे. ते कधी पचलं नाही मला."

मी म्हटलं, "काका, त्यात तुमची काय चूक?"

"चूक नव्हती. पण पाळी माझी होती."  सून चहा घेऊन आली. लोकल गेली तेव्हा कप बशीवर वाजायला लागला, तो मी हाताने धरला. मग काका माझ्याकडे मान वळवून, अगदी सहज, शेजारपाजारचं काही सांगावं तसे म्हणाले,

"तिथला दगड जरा हलतो. पण मी डावा पाय मागंच ठेवतो. बापाला सांग, घोर करू नको म्हणावं. मी उभा आहे."

सून म्हणाली, "असंच काहीबाही बोलतात हो हल्ली. मनावर घेऊ नका." मी चहा संपवला.  काकांनी माझा हात हातात घेतला आणि सोडला. मी निघालो.

त्या दगडाबद्दल मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नीताला नाही. आज इथंच पहिल्यांदा लिहितोय. ओव्हाळ काका जन्मात रायगडाला गेलेले नाहीत, हे त्यांच्या सुनेनेच सांगितलं. मोल्ड गरम, मटेरियल ओलं, ऑपरेटर झोपेत... मी माझी सगळी कारणं लावून बघितली, स्वतःला झोपेतला ऑपरेटर धरूनही बघितलं. बसत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, उलट मला बरंच वाटेल. रागावणार नाही.

त्या दिवशी दापोडीहून बसने घरी आलो ते निरोप सांगायचा म्हणूनच. आई भांडी घासत होती. बाबा पलंगावर कुशीवर वळून झोपले होते, तोंड थोडं उघडं, गालाखाली हात. मी बराच वेळ पलंगाशी उभा राहिलो. मग पंखा एक नंबरवर केला, त्यांच्या पायांवर चादर ओढली आणि बाहेर आलो. निरोप अजून तसाच आहे माझ्याकडे. इतक्या महिन्यांनी झोपलेल्या माणसाला उठवायचं कसं?